नव्वदला थरथरणारं स्टिअरिंग: बॅलन्सिंग दोनदा, टायर नवे, तरी दुखणं तिथंच

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ७२,००० किलोमीटर चाललेली, इंजिनाची ताकद समोरच्या चाकांना. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम, रिम साधे लोखंडी, टायर १६५/८० आर १४. पुणे-कोल्हापूर महामार्गावर नियमित ये-जा. तक्रार अशी की ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, ९० च्या आसपास हाताला मुंग्या येतील इतकं हलतं आणि १०५ ओलांडलं की बरंच शांत होतं. सोबत एक जोड-तक्रार होती, ती विचारल्यावरच निघाली: हळू वेगात स्पीडब्रेकरवरून उतरताना डाव्या बाजूला ‘खट्’ असा आवाज येतो आणि जोरात ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे जाते.

आधीच्या गॅरेजांत बॅलन्सिंग (चाकाला वजनं लावून तोल साधणं) दोनदा, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) एकदा आणि शेवटी समोरचे दोन्ही टायर नवे असं सगळं झालं होतं. प्रत्येक वेळी थरथर थोडी कमी झाली, पण गेली नाही. हे काम चुकीच्या हेतूनं झालं असं म्हणता येत नाही. नव्वदची थरथर म्हटली की दहांतल्या बहुतेक गाड्यांत बॅलन्सिंगच निघतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. अडचण पुढे होते. बॅलन्सिंगनं गुण आला नाही तर पुन्हा बॅलन्सिंग, मग टायर, मग शॉकअप असं एकेक पार्ट बदलत जायचं आणि मोजायचं काहीच नाही. या गाडीत थरथर निर्माण करणारी वस्तू एक होती आणि ती थरथर वाढवून स्टिअरिंगपर्यंत पोचवणारी वस्तू दुसरीच होती. दोन्ही एकाच वेळी सापडल्याशिवाय हे दुखणं बरं होणार नव्हतं.

आधी रस्त्यावर

गाडी जॅकवर चढवण्याआधी चारही टायरची हवा थंड असताना पाहिली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत जो आकडा असतो तोच खरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. इथे पुढच्या डाव्या चाकात २६ आणि उजव्यात ३३ पीएसआय निघाली. चिठ्ठीप्रमाणे दोन्ही सारखी केली. नंतर पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून टायर गरम केले. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला जमिनीकडच्या बाजूनं सपाट भाग पडतो आणि पहिले काही किलोमीटर त्याचीच थरथर जाणवते. ती जाऊ दिल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही.

मग मोकळ्या, सरळ, गुळगुळीत पट्ट्यावर वेग हळूहळू वाढवत नेला. वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहिला, कारण स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. ९२ ला थरथर शिगेला असताना चार गोष्टी केल्या.

पहिली, क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन, माउंटिंग आणि क्लच बाजूला पडले. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या सांध्याचं दुखणं ॲक्सिलरेटरवर पाय असताना वाढतं आणि पाय काढला की घटतं. इथे तसा फरक नव्हता, त्यामुळे तोही सुटला.

दुसरी, ब्रेक अगदी हलका, पॅड डिस्कला लागतील इतपतच दाबला. थरथर वाढली नाही. ब्रेकवरच येणारी थरथर ही वेगळीच शाखा आहे. तिथे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसणं हे मूळ असतं आणि मायक्रोमीटरनं कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, आठ ठिकाणी जाडी मोजावी लागते. मिलिमीटरच्या शंभरातल्या दोन-तीन भागांचा फरकही हाताला जाणवतो. या गाडीत तिकडे जायची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट म्हणजे थरथर कुठे जाणवते ते पाहिलं. स्टिअरिंगमध्ये जाणवते आणि सीट शांत आहे, तर पुढची चाकं. सीट व फरशी हलते आणि स्टिअरिंग शांत आहे, तर मागची चाकं, किंवा बोलेरो-सुमोसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा लांब दांडा). तो शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगानं फिरतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक आणि गुणगुणल्यासारखी येते. इथे फक्त स्टिअरिंग हलत होतं.

चौथी गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात: थरथर एकसारखी आहे की लाटेसारखी येते-जाते? दोन्ही बाजूंची चाकं तंतोतंत एकाच फेऱ्यात फिरत नाहीत. दोन्ही चाकांत दोष असेल तर कधी ते एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि थरथर काही सेकंद वाढून पुन्हा मंदावते. या गाडीत ती एकसारखी होती. मोठा दोष एकाच चाकात असण्याची शक्यता इथेच बळावली.

हिशेब ९२ चा

१६५/८० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. भाराखाली तो थोडा दबतो, म्हणून एका फेऱ्यात चाक साधारण १.८९ मीटर पुढे जातं. ताशी ९२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५.६ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेतेरा फेरे. मोबाइलवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपमध्ये फोन गिअरच्या मागच्या कन्सोलवर घट्ट दाबून ठेवला तर आलेखात उंच टोक साडेतेरा हर्ट्झलाच (सेकंदाला साडेतेरा कंपनांनाच) होतं. इंजिन त्या वेळी २,७०० च्या आसपास फिरत होतं, म्हणजे सेकंदाला ४५ फेरे. तिथे विशेष काही नव्हतं. टोक २७ हर्ट्झला आलं असतं तर चाकाला एका फेऱ्यात दोन उंचवटे आहेत, टायर लंबगोल झाला आहे, असा संशय घ्यावा लागला असता. ड्राइव्ह शाफ्टही चाकाइतक्याच वेगानं फिरतो, हे मात्र लक्षात ठेवावं. साडेतेरा हर्ट्झ म्हणजे टायरच, असं आलेख सांगत नाही. चाकासोबत फिरणारी कुठली तरी वस्तू, एवढंच तो सांगतो.

९२ ला जोर आणि १०५ ला शांतता, असं का? बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची चाकं, लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि स्टिअरिंगची जोडणी मिळून जो संच होतो, त्याची स्वतःची डोलण्याची लय १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान असते. चाकाचे फेरे त्या लयीला जुळले की थरथर फुगते, पुढे गेले की विरते. म्हणून १०५ ला शांत झाली याचा अर्थ दोष हलका आहे असा नव्हे. दोषाचा जोर तर वेगाबरोबर वाढतच असतो. रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असेल तर ताशी ४५ ला तो साधारण एक किलोचा जोर लावतो, ९० ला पावणेचार किलोचा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

जॅकवर: कुठे प्ले (सैलपणा) आहे

घोडीवर (जॅक स्टँडवर) गाडी पक्की बसवली. नुसत्या जॅकवर चाक हलवू नये. चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून ओढलं-ढकललं: काही नाही. ३ आणि ९ वर धरून हलवलं: काही नाही. ३-९ वर हलतं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) किंवा रॅकच्या (स्टिअरिंगच्या आडव्या दातेरी दांड्याच्या) आतला बॉल जॉइंट. आतला सांधा तपासताना रॅकच्या रबरी बूटवर हात ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगावं, प्ले बोटांना लागतो. १२-६ वर हलतं तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट, आणि त्यांतलं कोणतं ते ठरवायला ब्रेक दाबून पुन्हा हलवावं: प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. या गाडीत सगळं ठीक होतं. चाक हातानं फिरवल्यावर बेअरिंगची खरखर नव्हती. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंगवर हात ठेवला तर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचा झटका लागला नाही. लिंक रॉडचे सांधे घट्ट होते.

डावा स्ट्रट तेलानं किंचित ओलसर होता, पण थेंब नव्हता आणि धूळ चिकटून जाडसर थरही झालेला नव्हता. नव्या टायरवर खड्डे पडायला पुरेसा वेळ मिळालेला नव्हता, म्हणून मागे गेलेले जुने टायर पाहिले. त्यांच्या ट्रेडवरही (रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावरही) ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे नव्हते. शॉकअप मेलेला असेल तर टायर असे खड्डेदार झिजतात. शॉकअप बदलायचा नाही असं तिथेच ठरलं. बॉनेट दाबून गाडी किती हेलकावते ते पाहण्याची रीत प्रचलित आहे, पण अर्धा मेलेला शॉकअपसुद्धा त्या परीक्षेत पास होतो.

मग लोअर आर्म. इथे गाडी चाकांवर उभी असताना तपासणं जरूर आहे. घोडीवर चाकं लटकलेली असताना बुशवर भार वेगळा असतो आणि फाटलेलं रबर मिटून जातं. गाडी पिटवर घेतली, इंजिन बंद, एकानं फूट ब्रेक दाबून धरला आणि दोघांनी गाडी मागे-पुढे ढकलली. खालून पाहिलं तर उजवा आर्म मागच्या टोकाला जेमतेम दोन मिलिमीटर हलत होता आणि डावा सहा-सात. टॉमी (लोखंडी दांडा) घालून डाव्या आर्मचा मागचा बुश उचलला तेव्हा रबर आतल्या नळीपासून अर्ध्याहून जास्त गोलाईत सुटलेलं दिसलं. उजव्या बुशवर नुसत्या वरवरच्या केसासारख्या भेगा होत्या.

स्पीडब्रेकरवरचा ‘खट्’ आणि ब्रेकला डावीकडे जाणं या दोन्हींचा हिशेब इथे लागला. एल आकाराच्या आर्ममध्ये पुढचा बुश चाकाला आडवं आवरतो आणि मागचा बुश त्याला पुढे-मागे आवरतो. मागचा फाटला की ब्रेक लावताना चाक मागे सरकतं, टाय रॉड मात्र आपल्या जागी असतो, म्हणून चाक थोडं वळतं. नव्वदला हेच सेकंदाला साडेतेरा वेळा घडतं आणि रॅकमार्गे स्टिअरिंगला पोचतं.

पण फाटलेला बुश स्वतः थरथर निर्माण करत नाही. तो फिरत नाही. चाकासोबत फिरणारा दोष अजून सापडायचा होता. या टप्प्यावर नुसता आर्म बदलून गाडी दिली असती तर थरथर बरीच कमी झाली असती, मालक खूश झाले असते आणि खऱ्या दोषानं काही महिन्यांत नवा बुशही खाऊन टाकला असता.

डायल गेजचं काम

आपल्याकडे चाक ‘आऊट’ (फिरताना गोलाईत वाकडं) आहे का ते बहुतेक वेळा नजरेनं पाहतात: चाक फिरवायचं आणि फेंडरजवळ स्क्रूड्रायव्हर धरायचा. तीन-चार मिलिमीटरचा आऊट त्यात दिसतो, दीड-दोन मिलिमीटरचा सुटतो. चुंबकी स्टँडवर बसणारा डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापक) महाग वस्तू नाही आणि प्रत्येक अलाइनमेंटच्या दुकानात तो असायला हवा.

टायर गरम असतानाच मापं घेतली. ट्रेडच्या मधोमध चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे गेजचं टोक खाचांत अडकत नाही. चाक हातानं सावकाश फिरवून उंच आणि सखल जागेवर खडूनं खूण केली, आणि चाकाचं कोणतं छिद्र कोणत्या स्टडवर (चाक ज्यांवर कसतात त्या बोल्टवर) आहे त्याचीही. पुढच्या उजव्या चाकाचा उभा आऊट ०.६ मिलिमीटर निघाला, डाव्याचा २.१. अशा चाकाला टायरसकट दीड मिलिमीटरपर्यंत आऊट साधारण चालवून घेतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरावा.

२.१ कोणाचे? टायरचे, रिमचे की हबचे (रिम ज्यावर बसतो त्या भागाचे)? चाक काढून दोन स्टड फिरवून, म्हणजे अर्धा फेरा सरकवून, पुन्हा बसवलं आणि मोजलं. उंच जागा चाकासोबतच सरकली. ती त्याच स्टडजवळ राहिली असती तर दोष हबमध्ये असता. खात्रीसाठी हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं साफ करून तिथेही गेज लावला: ०.०३ मिलिमीटर, उत्तम. टायर उतरवून रिम मोजला. बाहेरच्या ओठाजवळ (रिमच्या कडेजवळ), टायर जिथे बसतो त्या पट्ट्यावर ०.५. आतल्या ओठाजवळ १.७. लोखंडी रिमला तिथे साधारण १.२ च्या वर असेल तर तो रिम नाकारावा, ॲलॉय असेल तर ०.८ च्या वर.

रिम आतल्या बाजूनं दबलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो कधीच दिसला नसता, व्हील कॅप तर बाहेरचा ओठही झाकते. मालकांना विचारल्यावर पावसाळ्यातला एक खड्डा आठवला: रात्री समोरून येणाऱ्या ट्रकसाठी गाडी डावीकडे घेतली आणि चाक डांबराच्या कडेवरून साइडपट्टीत उतरून पुन्हा वर आपटलं. आपल्याकडे डाव्या चाकांचे रिम आणि बुश आधी जातात याचं मोठं कारण हेच, रस्त्याची तुटलेली कड. हवा कमी असेल तर टायर पूर्ण दबून रिमचा ओठ थेट कडेवर आपटतो. या चाकात २६ च पीएसआय होती, हेही विसरू नये.

मग बॅलन्सिंग मशीन ‘शून्य’ कसं दाखवत होतं?

या प्रकरणात समजून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं आणि वजन कुठे जास्त आहे ते पाहतं. चाक गोल आहे का, हे साधं मशीन पाहत नाही. दबलेल्या रिमलाही योग्य जागी वजनं मारून शून्यावर आणता येतं, आणि दोन्ही वेळा तसं आणलंही होतं. रिमच्या आतल्या बाजूला एकाच जागी ५५ ग्रॅमची वजनं लागलेली होती. छोट्या चाकाला एका बाजूला इतकं वजन लागतंय हाच मुळात इशारा असतो. तिथे वजनं मारत बसू नये, कारण शोधावं.

रस्त्यावर मात्र चाक हवेत नसतं, त्यावर गाडीचा भार असतो. छोट्या गाडीच्या टायरला एक मिलिमीटर दाबायला साधारण १५ ते २० किलोचा जोर लागतो. ट्रेडवर २ मिलिमीटरचा आऊट म्हणजे प्रत्येक फेऱ्यात चाकावरचा भार ३० ते ४० किलोंनी वर-खाली होतो. ३० ग्रॅमची चूक नव्वदला वर-खाली मिळून साडेसात किलोंची उलथापालथ करते, ती याच्या पाव. बॅलन्सिंगचं वजन गोलाईची भरपाई करू शकत नाही ते यामुळे. नवे टायर घालून फायदा झाला नाही तोही यामुळेच: नवा टायर त्याच वाकड्या रिमवर चढला आणि रिमचं वाकडेपण जसंच्या तसं अंगावर घेऊन फिरू लागला.

रिमच्या निदानावर शिक्कामोर्तब करायला खर्च न येणारी एक चाचणी केली. टायर पुन्हा चढवून पुढचं डावं चाक मागे डावीकडे लावलं, मागचं पुढे आणलं आणि गाडी रस्त्यावर नेली. थरथर स्टिअरिंगमधून निघून मागच्या सीटखाली गेली. स्टिअरिंगमध्ये ९० ला अगदी थोडी राहिली. ती उरलेली थोडी थरथर फाटलेल्या बुशच्या नावावर होती: बुश धड असता तर पुढे आलेल्या चाकाची मामुली चूक हाताला कळलीच नसती. ही अदलाबदल कोणत्याही टायरवाल्याकडे अर्ध्या तासात होते. दोनदा बॅलन्सिंग करण्याऐवजी पहिल्याच खेपेला ती केली असती तर दोन टायरचा खर्च वाचला असता.

दुरुस्ती

रिम सरळ करायचा की बदलायचा? लोखंडी रिमचा ओठ नुसता बाहेरच्या कडेला दबला असेल तर रिम बेंड काढणारे कारागीर तो नीट करतात आणि ते चालतं. इथे टायर बसायचा पट्टाच दबला होता आणि लोखंडी रिम नवा मिळतो, म्हणून बदलला. ॲलॉय असेल तर ठोकण्याआधी तडा आहे का ते पाहावंच, तडा गेलेल्या ॲलॉयला वेल्डिंग करून पुढच्या चाकाला लावू नये.

नवा रिमही लावण्याआधी मोजला: दोन्ही ओठांना ०.४ च्या आत. टायर चढवताना टायरवरचा लाल ठिपका पाहिला. तो टायरच्या सगळ्यात कडक किंवा उंच जागेचा असतो, तो रिमच्या सखल जागेसमोर आणला. लाल ठिपका नसेल आणि पिवळा असेल तर पिवळा वॉल्व्हजवळ, कारण तो हलक्या जागेचा असतो. टायर बसल्यावर रिमलगतची बारीक रेघ चारही बाजूंनी रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना, ते पाहिलं. ती एका जागी आत गेलेली दिसली तर टायर तिथे बसलेलाच नसतो. साबणपाणी लावून पुन्हा हवा भरावी लागते.

बॅलन्सिंग पुन्हा केलं, पण दोन काळज्या घेऊन. रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून काढला. पावसाळ्यानंतर तो हमखास असतो आणि पडत-झडत राहतो, म्हणून बॅलन्सिंग टिकत नाही. मशीनवर शून्य आल्यानंतर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसलं आणि चालवलं. आकडा ५ ग्रॅमच्या आत राहिला. १५-२० ग्रॅम दाखवले असते तर चाक मशीनच्या कोनवर (शंकूवर) मध्यावर बसलेलं नाही असा अर्थ झाला असता आणि आधीचं शून्य खोटं ठरलं असतं. बऱ्याच मशीनवर ५ ग्रॅमखालचा आकडा आपोआप शून्य दिसतो. बारीक आकडा दाखवायचं बटण असतं, ते दाबून पाहावं.

ज्यांच्या गाडीला बाहेरून घेतलेले ॲलॉय आहेत त्यांच्यासाठी इथेच एक सूचना. अशा ॲलॉयचं मधलं भोक अनेकदा ७३.१ मिलिमीटरचं असतं आणि मारुती-टोयोटाच्या अनेक छोट्या गाड्यांचा हब ५४.१ चा. मधल्या जागेत हब रिंग नसेल तर चाक नुसत्या नटांवर तोलून बसतं आणि मध्यावर येईलच असं नाही. मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर, याचं हेही एक कारण.

लोअर आर्मचे मागचे बुश दोन्ही बाजूंचे बदलले. उजव्याला नुसत्या वरवरच्या भेगा होत्या तरीही. एका बाजूला नवं ताठ रबर आणि दुसरीकडे ७२,००० किलोमीटरचं मऊ झालेलं, असं ठेवलं तर ब्रेकला दोन चाकं वेगवेगळी सरकतात आणि आता गाडी उजवीकडे ओढू लागते. बुश प्रेसवर बसवला, हातोडीनं नव्हे. बसवताना त्याची खाचेची दिशा जुन्याप्रमाणे ठेवावी लागते, म्हणून जुना काढण्याआधी आर्मवर खूण केली. नेमक्या कोनात बसवायचं जमत नसेल तर सरळ बुश व बॉल जॉइंटसकट अख्खा आर्म घेतलेला बरा.

नट-बोल्ट कसण्यात एक चूक इतकी सर्रास होते की नवे बुश दहा हजार किलोमीटरमध्ये फाटतात आणि दोष पार्टला दिला जातो. आर्म काढताना पुढच्या बुशचाही बोल्ट सुटतो, आणि तो आडवा असतो. तो चाकं लटकलेली असताना पूर्ण कसला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. तो बोल्ट आधी हातानं लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चारदा दाबून जागेवर बसू द्यावी आणि मगच टॉर्क पान्यानं (ठरवलेल्या जोरानं कसणाऱ्या पान्यानं) शेवटचं कसावं. इथे तसंच केलं. बॉल जॉइंटच्या बोल्टचा नट नवा घातला.

चाकाचे नट चाक हवेत असताना समोरासमोरच्या क्रमानं हातानं बसवले, मग गाडी टेकवून टॉर्क पान्यानं कसले. अशा गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. पान्यावर उभं राहून कसल्यानं किंवा एअर गननं एकेक नट पूर्ण मारल्यानं डिस्क हबवर तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेकची थरथर सुरू होते.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी केलं. बुश बदलल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट पुढच्याच खड्ड्यात बदलतं, म्हणून आधीच्या दुकानातलं काम टिकलं नव्हतं. पुढच्या चाकांचं एकूण टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर असण्याचा कोन) बाहेरच्या बाजूला कोनाची १८ मिनिटं निघालं, ते आतल्या बाजूला ४ मिनिटांवर आणलं. ट्रेडवरून हात आडवा फिरवला की एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं करवतीसारखं लागतं, ते टो बिघडल्याचं लक्षण; नव्या टायरवर ते नुकतंच सुरू झालेलं होतं. मात्र टो बिघडल्यानं नव्वदची थरथर होत नाही. गाडी एका बाजूला जाते आणि टायर झिजतो. थरथर आहे म्हणून अलाइनमेंट करून घ्यायला येणाऱ्याला दुकानदारानं हे सांगायला हवं.

शेवटची फेरी

त्याच पट्ट्यावर, त्याच हवेच्या दाबावर, टायर गरम करून गाडी ६० पासून १०० पर्यंत नेली. ९२ ला स्टिअरिंग शांत. मोबाइलवरच्या आलेखात साडेतेरा हर्ट्झचं टोक रस्त्याच्या नेहमीच्या कंपनात मिसळून गेलं होतं. ब्रेक जोरात दाबला तर गाडी सरळ थांबली, स्पीडब्रेकरवरचा आवाज गेला. डाव्या चाकाचा आऊट टायरसकट ०.७ मिलिमीटर.

गाडी देताना जॉबकार्डावर तीन गोष्टी लिहून दिल्या. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायचे. १,००० किलोमीटरला दोन्ही स्ट्रट पाहायचे, आणि डावा ओलसर आहे तो थेंब धरू लागला तर दोन्ही एकत्र बदलायचे. स्टेपनीचा रिमही मोजला होता, त्याचा आतला आऊट १.४ निघाला. पंक्चर झाल्यावर ती पुढे लावली तर थरथर परत येईल, म्हणून स्टेपनी मागच्याच चाकाला लावायची आणि पंक्चर पुढचं असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं.